चौथा हात

वडगव्हाणात ग्रामपंचायत आली तेव्हापासून बन्सीधररावच सरपंच होते. पंचायतीची किल्ली त्यांच्या करगोट्याला आणि शिक्का त्यांच्या घरातल्या कपाटात. कुणाला दाखला लागला तर तो पंचायतीकडं फिरकतसुद्धा नसे. सरळ बन्सीधररावांच्या ओट्याखाली जाऊन उभा राही. त्यामुळं एकाहत्तर साली सातपैकी चार जागा दत्तरावांच्या माणसांनी जिंकल्या, तेव्हा निकाल ऐकूनही दोन दिवस गावाला खरं वाटेना.

त्या चारांतला चौथा होता सूर्यभान. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीचा. तीन एकर मुरमाड रान, बाकी मजुरी. बाप छप्पन साली दीक्षा घेऊन आला तेव्हापासून घरात दोन गोष्टी पक्क्या झालेल्या. मेलेलं ढोर ओढायचं नाही, आणि पोरांना शाळेतून काढायचं नाही. सूर्यभान सातवी झाला होता. वस्तीत येणारं एकुलतं एक वर्तमानपत्र तोच सगळ्यांना वाचून दाखवायचा.

निवडणुकीच्या आधी दत्तराव स्वतः ओढा ओलांडून त्याच्या घरी आले होते. साठ एकरांचा धनी, पण आला तो दारातूनच "जयभीम, सूर्यभानराव" म्हणत. आजवर गावातल्या कुणी त्याच्या नावाला 'राव' लावला नव्हता. घोंगडीवर बसले, लक्ष्मीबाईनं दिलेला चहा बशीत ओतून शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. वस्तीच्या बाया उन्हाळ्यात ओढ्यातल्या झिऱ्याशी वाटी घेऊन बसतात, एक घागर भरायला सकाळ जाते, हे त्यांनी ऐकून घेतलं.

"मी सरपंच झालो की पहिली कुदळ तुमच्या विहिरीची," ते म्हणाले. "आन एक सांगतो. बन्सीधरराव सुखासुखी खुर्ची सोडणारा माणूस न्हाई. काय बी होवो, मी तुमच्या पाठीशी हाय. लेकरांची आण."

ते गेल्यावर लक्ष्मीबाई कप विसळत म्हणाली, "गोड बोलतोय लय."

"आपल्या घरचा चहा प्याला की न्हाई?"

"चहा प्याला, ते खरं."

निकालानंतर पंधरा दिवसांनी सरपंच निवडायची सभा लागली. आदल्या दिवशी सूर्यभान बांधावर तूर झोडपत होता, तिथं सटवाजी आला. सटवाजी बन्सीधररावांचा सालगडी, त्यांच्याच शेतात खोपटं करून राहणारा. ते शेत आणि सूर्यभानचं रान बांधाला बांध लागून. तंबाखू एकमेकांच्या चंचीतली खाल्लेली. आज मात्र सटवाजी उभ्या उभ्याच बोलला.

"मालकांचा निरोप हाय. उद्या गावात राहू नको म्हनायलेत. बोरीला जा, पाव्हण्याकडं जा, कुठं बी जा. तू नसला तर तीन-तीन होत्यात."

"आन गेलो न्हाई तर?"

सटवाजी जमिनीकडं बघत राहिला. "जा की राव," एवढंच तो म्हणाला. त्याच्या आवाजात धमकी नव्हती, काकुळती होती. सूर्यभानला ती तेव्हा कळली नाही. त्यानं चंची पुढं केली. सटवाजी ती न घेताच वळला.

सभेच्या सकाळी पंचायतीची किल्लीच सापडेना. बन्सीधरराव म्हणाले, कुठं पडली देव जाणे. शेवटी शाळेच्या खोलीत टेबल मांडलं. तालुक्याहून आलेले साहेब टेबलाशी बसले, बाजूला ग्रामसेवक. सात पंच दोन बाकांवर. जागा कमी, म्हणून दत्तराव आणि बन्सीधरराव एकाच बाकावर, मांडीला मांडी लागेल असे. दोनच नावं आली, बन्सीधररावांचं आणि दत्तरावांचं. साहेबांनी विचारलं, चिठ्ठ्या टाकायच्या का? कुणी मागणी केली नाही. मग हात वर करून मतदान ठरलं.

बन्सीधररावांना तीन हात पडले. साहेबांनी पेन्सिलीनं लिहून घेतलं.

"आता दत्तरावांच्या बाजूनं."

दत्तरावांचा हात वर गेला. त्यांच्या गटातल्या सितारामचा गेला, त्याच्या शेजारच्याचा गेला. सूर्यभाननं उजवा हात उचलला. साहेब पेन्सील हलवत मोजू लागले. बन्सीधरराव उपरण्याच्या टोकानं चष्मा पुसत होते. काच उजेडाकडं धरून, कुणाकडंच न बघता ते म्हणाले,

"त्याचा हात खाली घ्या रे."

दार ढकललं गेलं. चार जण आत घुसले. पंचांतला बन्सीधररावांचा पुतण्या व्यंकटराव बाकावरून उठून त्यांना मिळाला, आणि सगळ्यांच्या पुढं सटवाजी. त्याच्या हातात कुऱ्हाड होती. सूर्यभानला वाटलं, हा आपला हात धरून खाली ओढणार. म्हणून त्यानं तो आणखी ताठ केला. सटवाजीनं डोळे मिटले आणि घाव घातला.

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यानं आठवे. टेबल उलटलं. साहेबांचे कागद व्यंकटरावनं फाडले. ग्रामसेवक फळ्यामागं लपला. भिंतीवर, जिथं पोरांनी बाराखडी रंगवली होती, तिथं रक्त उडालं. आणि दत्तरावांनी स्वतःचं उपरणं फाडून त्याचा हात करकचून बांधला. कुणाची तरी जीप आणली, त्याचं डोकं मांडीवर घेऊन परभणीच्या दवाखान्यापर्यंत आले. वाटेभर रडत होते. "माझ्यापायी झालं, सूर्यभानराव, माझ्यापायी झालं."

त्याच संध्याकाळी दत्तरावांनी ठाण्यात फिर्याद दिली. कुणाच्या दबावाला भ्यायले नाहीत. फौजदारापुढं एक-एक नाव घेतलं. आणि हेही सांगितलं, की मी बन्सीधररावांच्या शेजारीच बसलो होतो, 'त्याचा हात खाली घ्या रे' असं ते म्हणाले आणि तोच माणसं आत आली. जबाबाखाली सही केली. बन्सीधररावांसह सहा जणांवर खटला झाला.

सूर्यभानची दोन बोटं गेली. तिसरं राहिलं, पण वाकेना. दवाखान्यात तो महिनाभर होता. पहिल्या आठवड्यात दत्तराव दोनदा आले, मोसंबी घेऊन. दुसऱ्या आठवड्यात एकदा आले. मग त्यांनी सितारामच्या हाती निरोप धाडला, कामं लय निघालीत म्हणून. शेवटच्या आठवड्यात निरोपही आला नाही. सूर्यभान लक्ष्मीबाईला म्हणाला, "सुगी हाय. माणूस एकटा, किती धावंल?"

मोडलेली सभा दोन महिन्यांनी पुन्हा लागली. शाळेबाहेर पोलीस होते. सूर्यभान फडक्यात गुंडाळलेला हात छातीशी धरून आला, तर खोलीत सगळेच पंच आधीच येऊन बसलेले. जामिनावर सुटलेले बन्सीधररावही. हसणं-खिदळणं चाललेलं, ते त्याला बघून थांबलं.

साहेबांनी नाव मागितलं. बन्सीधरराव उठले आणि म्हणाले, "मी दत्तरावांचं नाव सुचवतो."

आणखी नाव आलं नाही. बिनविरोध. उपसरपंच म्हणून दत्तरावांनी नाव सुचवलं ते व्यंकटरावचं. सातव्या वॉर्डातून तो निवडून आलेला होताच, आणि ज्या खोलीत त्यानं कागद फाडले होते तिथंच त्याच्या नावापुढं आता बिनविरोध लिहिलं गेलं. साहेबांनी सूर्यभानकडं बघून विचारलं, "तुमची काही हरकत?"

सूर्यभाननं दत्तरावांकडं पाहिलं. दत्तराव खिडकीबाहेर बघत होते.

"हरकत हाय," सूर्यभान म्हणाला. "हा व्यंकटराव आरोपी हाय."

"आरोप शाबीत झालेला नाही," साहेब हळूच म्हणाले. "कायद्यानं अडवता येत नाही."

बाहेर गुलाल उधळला. दोन्ही घरची माणसं एकमेकांना टिळे लावत होती. सूर्यभाननं दत्तरावांना शाळेच्या हौदाशी गाठलं.

"हे काय केलंत?"

"हळू बोल," दत्तराव म्हणाले. "गावात दोन तट किती दिवस ठेवायचे? उद्या आणखी एखाद्याचा हात जाईल. अर्धी मुदत आमी, अर्धी ते, असं ठरलंय. त्याच्यात तुझं काय वाईट हाय?"

'राव' गेला होता, 'तुमी'ही गेलं होतं. ते सूर्यभानला आधी कानाला खटकलं, मग आत कुठंतरी खोल लागलं.

"आन खटला?"

"खटला सरकार चालवायलंय. मी जबाब दिलाय, सही केलीय. ती काय मी पुसून टाकणार हाय का?"

या एका वाक्यावर सूर्यभान वर्षभर राहिला. वस्तीतले लोक म्हणत, दत्तराव फिरला. तो म्हणे, खुर्चीपायी फिरला असंल, पण सहीपासून कसा फिरंल? ज्यानं माझं रक्त स्वतःच्या उपरण्यात धरलं तो माणूस कोर्टात शपथ घेऊन खोटं कसं बोलंल? तो डाव्या हातानं लिहायला शिकत होता. सही जमायला लागली तेव्हा परभणीहून समन्स आलं.

कोर्टात तो पिंजऱ्यात उभा राहिला आणि जे झालं ते सांगितलं. आरोपीच्या वकिलानं दोन तास उलटतपासणी घेतली. तुमचं आणि सटवाजीचं बांधावरून भांडण होतं का? नव्हतं. 'हात खाली घ्या' म्हणजे मारा असं होतं का? त्या शब्दावर माणसं आत आली, साहेब. आवाज कुणाचा, हे तुम्ही पाहिलं की ऐकलं? ऐकलं, आणि ओठही हलताना पाहिले. तुम्हाला राजकारणात बन्सीधररावांचं वाईट करायचं होतं, खरं ना? मला त्यांना मत द्यायचं नव्हतं, एवढं खरं.

जज्ज साहेबांनी त्याला हात वर करून दाखवायला सांगितलं. त्यानं दाखवला.

तालुक्याच्या साहेबांनी साक्ष दिली, की गर्दी आत आली, मी टेबलाखाली वाकलो, चेहरे ओळखता येणार नाहीत. ग्रामसेवक फळ्यामागं होता. सिताराम म्हणाला, त्या दिवशी मला चक्कर आल्यासारखं होत होतं. सूर्यभान मागच्या बाकावर बसून हे सगळं ऐकत होता आणि मनात म्हणत होता, होऊ द्या, अजून दत्तराव यायचेत.

दत्तराव आले. पांढरंशुभ्र धोतर, कोट. शपथ घेतली. सरकारी वकिलानं विचारलं, घटनेच्या वेळी तुम्ही कुठं बसला होता?

"बाकावर."

"शेजारी कोण होतं?"

"ध्यानात न्हाई. गर्दी होती."

"आरोपी बन्सीधरराव काही म्हणाले का?"

दत्तरावांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. "मी ऐकलं न्हाई."

सरकारी वकील थांबला, कागद चाळले. "तुमच्या फिर्यादीत ते शब्द लिहिलेले आहेत. खाली सही तुमची आहे?"

"सही माझी हाय. मी लय घाबरलेलो होतो. फौजदारांनी काय लिहिलं ते वाचून बघितलं न्हाई."

"म्हणजे सूर्यभानच्या हातावर घाव कुणी घातला हेही तुम्ही पाहिलं नाही?"

"सटवाजीच्या हातात कुऱ्हाड होती, ते पाहिलं. बाकी कुणाला पाहिलं न्हाई."

सूर्यभान उठून उभा राहिला. आपण उठलोय हे त्याला शिपायानं खांद्यावर दाब देऊन बसवलं तेव्हा कळलं. दत्तराव पिंजऱ्यातून उतरून त्याच्या बाकाजवळून गेले. अत्तराचा वास आला. त्यांनी मान वळवली नाही.

निकालात जज्ज साहेबांनी लिहिलं, की या इसमाच्या दुखापतीबद्दल आणि सचोटीबद्दल शंका नाही, परंतु कट आणि चिथावणी शाबीत करायला एकट्याची साक्ष पुरत नाही. बन्सीधरराव सुटले, व्यंकटराव सुटला, बाकीचे तिघं सुटले. सटवाजीला तीन वर्षं सक्तमजुरी झाली. शिक्षा ऐकताना तो जज्जाकडं बघत नव्हता, बन्सीधररावांकडं बघत होता. ते वकिलाशी हात मिळवत होते.

मग दुष्काळ आला. बहात्तरचं आभाळ कोरडं गेलं, झिरा आटला, ओढ्याच्या वाळूत पुरुषभर खणलं तरी ओल लागेना. सरकारनं कामं काढली, आणि त्या कामांत दत्तरावांनी वस्तीच्या विहिरीचं काम मंजूर करून आणलं. दिलेला शब्द त्यांनी पाळला. ऐन वैशाखात अठ्ठावीस हातांवर पाणी लागलं. वस्तीतल्या बाया रडल्या. लोक सूर्यभानला समजावू लागले. झालं ते झालं, माणसानं विहीर तर दिली? तू आता ताणून धरू नको. त्याचा चुलतभाऊ पंडितसुद्धा म्हणाला, "दोन बोटं गेली, पन सगळ्या वस्तीला पानी मिळालं, असं समज."

सूर्यभान म्हणाला, "पानी सरकारनं दिलं. ते प्या. माझ्या बोटांचा त्याच्याशी सौदा कुणी केला?"

रात्रभर मात्र तो तळमळत राहिला. त्याला सगळ्यांत जास्त डाचत होतं ते हे, की पंडित खोटं बोलत नव्हता. पाणी खरंच गोड होतं.

विहिरीचा कार्यक्रम झाला तेव्हा सगळं गाव ओढ्यापलीकडं आलं. दत्तराव, बन्सीधरराव, व्यंकटराव खुर्च्यांवर. खोदकामावरचे मजूर ढिगाऱ्यावर उन्हात. दत्तरावांनी नारळ हातात घेतला आणि मोठ्यानं हाक मारली, "सूर्यभान, पुढं ये. हा मान तुझा."

सूर्यभान पुढं गेला. "आमच्यात नारळ फोडत न्हाईत," तो म्हणाला.

"बरं, फीत काप. डाव्या हातानं काप." दत्तराव हसले. मायेनंच हसले असतील.

"कापतो. आधी एक सांगा. त्या दिवशी बन्सीधरराव काय म्हनले? कोर्ट न्हाई हे, शपथ न्हाई, शिक्षा न्हाई. सगळ्यांसमोर एवढं सांगा, मी फीत कापतो आन जन्मभर तुमचं नाव घेतो."

दत्तरावांच्या हातातला नारळ खाली-वर झाला. त्यांनी एकदा बन्सीधररावांकडं पाहिलं.

"असल्या चांगल्या दिवशी..." त्यांनी सुरुवात केली.

"मी सांगते."

आवाज ढिगाऱ्यावरून आला होता. डोक्यावरचं घमेलं खाली ठेवून एक बाई उभी राहिली होती. मनकर्णा, सटवाजीची बायको. नवरा तुरुंगात गेल्यावर चार महिन्यांत बन्सीधररावांनी तिला शेतातल्या खोपटातून काढलं होतं. गडीच नाही तर खोपटं कशाला, म्हणून. तेव्हापासून ती दोन लेकरं घेऊन खोदकामावर होती.

"आदल्या रोजी मालकानं ह्येंला घरी बोलीवलं," ती म्हणाली. "मी भाकर द्यायला गेलते, ओट्याखाली हुबी होते. मालक म्हनले, दाराम्होरं कुऱ्हाड घेऊन हुबं राहा. मी 'हात खाली घ्या' म्हनलं की आत यायचं, आन तो हात पुन्यांदा वर झाला न्हाई पायजे. ह्ये न्हाई म्हनले. पाया पडले. तवा मालक म्हनले, मंग लेकरं घेऊन शेतातनं चालता हो. आन म्हनले, तुला काय बी होत न्हाई, मी हाय. हे तिथं बसलेत ते म्हनले."

बन्सीधरराव उठले. उपरणं झटकलं आणि काही न बोलता ओढ्याकडं चालू लागले. व्यंकटराव त्यांच्यामागं गेला. दत्तराव म्हणाले, "नवऱ्यापायी डोकं फिरलंय बाईचं," आणि घाईघाईनं स्वतःच नारळ फोडला. लोक पांगले. कुणी मनकर्णेला खोटी म्हणालं नाही, आणि कुणी तिच्या बाजूला येऊन उभंही राहिलं नाही. लक्ष्मीबाईनं तेवढी तिला हाताला धरून घरी नेली.

"कोर्टात का न्हाई बोललीस, बाई?" सूर्यभाननं विचारलं.

"मालक म्हनले, गप राहा, सोडवून आनतो. ह्ये बी म्हनले, मालक शब्दाचा हाय." ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. "तुमाला बी कुनी शब्द दिलाच व्हता की, दादा."

या बाईच्या नवऱ्याचं तोंड तो दोन वर्षं रोज मनात आणत आला होता. आज पहिल्यांदा त्याला ते मिटलेले डोळे आठवले.

पुढच्या सोमवारी दोघं तालुक्याला गेली. कचेरीसमोर लिंबाखाली एक म्हातारा अर्जनवीस टाइपयंत्र घेऊन बसे. त्यानं चष्म्यावरून दोघांकडं पाहिलं.

"ही बाई तुमची कोण?"

"हिच्या नवऱ्यानं माझा हात तोडला."

अर्जनवीसाची बोटं थांबली. "मग एका अर्जावर दोघं कशी?"

"तुमी लिवा. मी सांगतो."

त्यानं सगळं सांगितलं, मनकर्णेनं तिचं सांगितलं. शेवटी अर्जनवीसानं विचारलं, तक्रार कुणाविरुद्ध? सूर्यभाननं बन्सीधररावांचं नाव घातलं. व्यंकटरावचं घातलं. मग जरा वेळानं म्हणाला, "आन दत्तराव, सरपंच."

"यानं काय केलं?"

"त्यानं ऐकलं होतं."

अर्जनवीस म्हणाला, हा काही गुन्हा होत नाही. सूर्यभान म्हणाला, तरी लिहा. मनकर्णेनं अंगठा उठवला, त्यानं डाव्या हातानं सही केली.

उत्तर यायला पावसाळा उलटला. आणि आलं ते सूर्यभानच्या घरी नाही, पंचायतीत आलं. वरच्या कार्यालयानं अर्ज जसाच्या तसा खाली पाठवला होता, वर शेरा मारून: सरपंच यांनी चौकशी करून अहवाल सादर करावा.

कोतवालानं ही बातमी सांगितली तेव्हा सूर्यभानला हसू आलं. ते हसू बघून लक्ष्मीबाई घाबरली. तो तसाच उठून पंचायतीत गेला. दत्तराव खुर्चीत होते, समोर तोच अर्ज. मनकर्णेचा अंगठा वरून दिसत होता. सूर्यभान पंच होता. त्याला बसा म्हणायची गरज नव्हती. तो समोरच्या खुर्चीत बसला.

"चौकशी करायची म्हनं तुमाला," तो म्हणाला. "करा. मी बसतो."

दत्तरावांनी ग्रामसेवकाला बाहेर पाठवलं. पेन उघडलं. दोन वर्षांत ते अंगानं सुटले होते, डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या.

"बन्सीधररावाचं नाव घातलंस, समजू शकतो," ते म्हणाले. "त्यानं घाव घालायला लावला. मला कशाला ओढलंस ह्याच्यात? मी तुला दवाखान्यात नेलं. फिर्याद मी दिली. विहीर मी दिली. त्याच्यात आन माझ्यात तुला काहीच फरक वाटत न्हाई?"

"वाटतो की," सूर्यभान म्हणाला. "त्यांच्याकडून मला कसली आशाच नव्हती. मला मारायचं त्यांनी ठरवलं, मारलं. मी हात वर केला तो तुमच्यासाठी. ती कुऱ्हाड मी विसरलो असतो, दत्तराव. रातच्याला हात ठणकतो तवा मला ती आठवत बी न्हाई. मला तुमी रुमालानं तोंड पुसलं ते आठवतं."

दत्तरावांचे डोळे भरून आले होते की काय, सूर्यभानला सांगता आलं नसतं. त्यानं वाट पाहिली. खरं सांगायचं तर त्या घटकेलाही त्याला वाटत होतं, हा माणूस आता लिहील. जीपमध्ये रडणारा तो माणूस कुठंतरी आत असेलच. तो पेनाच्या टोकाकडं बघत राहिला.

दत्तरावांनी कागद पुढं ओढला आणि लिहिलं: चौकशी केली. तक्रारीत तथ्य आढळून आले नाही. खाली सही केली. ड्रॉवरमधून शिक्का काढला, शाईच्या गादीवर दाबला, आणि उठवला.

"वाचून दाखवा," सूर्यभान म्हणाला.

"तुला वाचता येतं की."

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

दत्तरावांनी वाचलं नाही. कागद उलटा करून ठेवला. सूर्यभाननं ग्रामसेवकाला हाक मारली आणि पंच म्हणून अहवालाची नक्कल मागितली. ग्रामसेवकानं दत्तरावांकडं पाहिलं. दत्तरावांनी मान हलवली, द्या म्हणून. नक्कल होईपर्यंत दोघं समोरासमोर बसून राहिले.

बाहेर मनकर्णा धाकट्या पोरीला कडेवर घेऊन उभी होती.

"काय लिवलं, दादा?"

"खोटं लिवलं."

"मंग आता?"

सूर्यभाननं नक्कल घडी घालून खिशात ठेवली. घडी घालायला त्याला अजून वेळ लागे. "आता परभणी," तो म्हणाला. "ज्याच्यावर अर्ज, त्याच्याकडंच चौकशी, असं लिवून नवा अर्ज द्यायचा. हा कागद सोबत जोडायचा. तिथनं न्हाई झालं तर पुढं मुंबई."

"मी येते," मनकर्णा म्हणाली. "पन उद्या न्हाई. उद्या ह्येंच्या भेटीचा दिवस हाय, परभणीच्या तुरुंगात."

"मग एकाच गाडीनं जाऊ," सूर्यभान म्हणाला. "मला बी त्याला भेटायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं फाट्यावर एसटीची वाट बघत उभी असलेली लोकांनी पाहिली. वस्तीतल्या काहींनी तोंड फिरवलं, गावातल्या काहींनी नावं ठेवली. गाडी उशिरा आली. सूर्यभाननं आधी पोरीला आत चढवलं, मग मनकर्णेला, आणि मग डाव्या हातानं दांडा धरून तो वर चढला.